समाजकार्यात जायचंय? आधी यादी करायला शिका

निकालाच्या दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या पालकांत दोन-चार जण तरी आवाज खाली आणून बोलतात. "सर, मार्क चांगले आहेत हो तिला. पण म्हणते, समाजकार्य करायचंय." चेहरा असा, की पोरगी हिमालयात निघालीय. आमटे कुटुंबाचं ठीक, आपलं कसं व्हायचं, हे वाक्य ओठांवर येऊन परत जातं.

काळजी रास्त आहे, तिला हसू नये. पण पालकांच्या आणि पुष्कळदा मुलीच्याही डोळ्यांपुढे त्यागाचं चित्र असतं. प्रत्यक्षात हे हिशेबाचं, नोंदींचं आणि चिवटपणाचं काम आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ तालुक्यातल्या एका शाळेत गेलो होतो. पटांगणात जुन्या कपड्यांचा ढीग भिजून कुबट झाला होता. त्यात जरीच्या साड्या आणि जोडी नसलेले बूटसुद्धा. डांबरी रस्त्यालगतच्या घरांत बिस्किटांचे पुडे तीन-तीनदा पोचलेले, मळ्यातल्या वस्तीवर एकदाही नाही. व्हरांड्यात विशीतली एक मुलगी फुलस्केप वही घेऊन बसली होती. वहीत रकाने पाडलेले: घरात माणसं किती, तान्हं मूल आहे का, बीपी-शुगरच्या गोळ्या कुणाच्या वाहून गेल्या, जनावरं किती. टेम्पो आला की उठायची. "दादा, इथं उतरवू नका, वस्तीवर चला. आणि पुढच्या खेपेला कपडे नकोत. झाडू, फिनाइल आणि वैरण आणा." टेम्पोवाला आधी कुरकुरला, मग तिच्याच सांगण्यानं फिरू लागला. फोटो अर्थात टेम्पोवरच्या बॅनरचे निघाले.

युवा नेतृत्वाचा वर्ग कुठे भरतो, असं कुणी विचारलं की मला ती वही आठवते. मुलाखतीतही हेच तपासलं जातं. एका रविवारी समुद्रकिनारा साफ करून मिळवलेल्या प्रमाणपत्रांची फाइल कितीही जाड असली, तरी 'तिथं पुन्हा कधी गेलीस?' या प्रश्नापुढे ती पातळ होते.

सुरुवात कॉलेजातच करावी. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. बरीच मुलं ते मार्कांपुरतं उरकतात. पण शिबिराच्या गावाशी नंतरही संबंध ठेवणारा एखादा असतो, तोच पुढे या क्षेत्रात टिकलेला मी पाहिलाय. आमटे कुटुंबाच्या सोमनाथ प्रकल्पातलं श्रमसंस्कार शिबिर आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'नं २००६ मध्ये सुरू केलेला 'निर्माण' उपक्रम खास तरुणांसाठी आहे. मुलीचा उत्साह वाऱ्याचा आहे की मुळाचा, हे अशा ठिकाणी तिचं तिलाच कळतं. न जमल्यास सांगून परत यावं, त्यात नामुष्की कसली?

शिक्षणाची वाट सरळ आहे. पदवी कोणतीही चालते, मग दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू किंवा त्याला समकक्ष एमए. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे सगळ्यांची 'टिस'. टिसच्या एमएसाठी सध्या सीयूईटी-पीजी द्यावी लागते. लगेच शिकायचं नसेल तर टीच फॉर इंडियाची दोन वर्षांची किंवा एसबीआय यूथ फॉर इंडियाची तेरा महिन्यांची फेलोशिप करता येते; दोन्हींत दरमहा मानधन असतं. एक्सेल, नीट मराठी आणि कामापुरतं इंग्रजी मात्र कुठल्याही वाटेनं गेलात तरी लागतंच. चांगलं काम करूनही अहवाल न लिहिता आल्यामुळे अडलेली गुणी मुलं पाहिली की वाईट वाटतं.

आता पैशाचं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणं बंधनकारक केलं. त्यातून प्रकल्प अधिकारी, मूल्यमापन करणारे, निधी उभारणारे अशा पगारी जागा वाढल्या. तरीही सुरुवातीची चार-पाच वर्षं तुमची मुलगी इंजिनिअर झालेल्या मावसभावाच्या मागेच राहील, हे आजच घरात बोलून घ्या. नोकऱ्या बहुतेक प्रकल्पाच्या मुदतीपुरत्या असतात. म्हणून नियुक्तिपत्र घेण्याआधी तिनं न लाजता विचारावं: प्रकल्प किती वर्षांचा? पीएफ कापता का? फिल्डवर जाताना विमा कुणाचा? लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का? 'आम्ही सगळे एक कुटुंब आहोत' एवढंच उत्तर देणाऱ्या संस्थेला मी तरी दुरूनच नमस्कार करतो.

गेल्या उन्हाळ्यात एक आई आल्या होत्या. मुलीची गडचिरोलीतल्या कामासाठी निवड झालेली. पगार, लग्न, लोक काय म्हणतील, सगळं विचारून झालं. दारापर्यंत जाऊन त्या परत फिरल्या.

"सर, तिकडं साप असतात का हो?"

"असतात. गमबूट घेऊन द्या. एक नंबर मोठा घ्या, आत जाड मोजे घालता येतात."

त्यांनी पर्समधून पेन काढून तळहातावर नंबर लिहून घेतला.