ताप उतरला, गोळ्या थांबवू का?

प्रश्न (नायगाव, जि. नांदेड) : वडील 62 वर्षांचे. न्यूमोनियाच्या गोळ्यांनी तिसऱ्या दिवशी ताप उतरला, खोकला आहेच. गोळ्या बंद केल्या तर चालेल?

उत्तर : नाही. ताप उतरला म्हणजे औषध लागू पडलं. तरी किमान 5 दिवस, किंवा डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, गोळ्या घ्यायलाच हव्यात. उरलेली पट्टी पुढच्या आजारपणासाठी डब्यात ठेवणं तर फारच धोक्याचं. खोकला मात्र रेंगाळतो, निव्वळ त्यासाठी अँटिबायोटिक वाढवत नाहीत.

वेळेवर मिळालेलं साधं औषध काय करतं, हे गडचिरोलीत दिसलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं प्रशिक्षित गावकऱ्यांच्या हाती को-ट्रायमोक्साझोल दिलं. आजारी बाळाचा श्वास मिनिटभर मोजायचा, वेग जास्त भरला की औषध सुरू. तिथले न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 54 टक्क्यांनी कमी असल्याचं 1990 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

धाप लागली, ओठ निळसर पडले किंवा वडील असंबद्ध बोलू लागले, तर थेट रुग्णालय गाठावं.

लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या अँटिबायोटिक गोळ्या मनानं घेऊ नयेत, त्यानं क्षयाचं निदान लांबतं. खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.