मानवी जनुकांची अदलाबदल व कुटुंबाची वंशावळ

संकरित वाणाच्या पुढील पिढीत आईबापांच्या गुणांची नवी जुळणी दिसते, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. एकाच गुणसूत्रावरील जवळची जनुके बहुधा एकत्र जातात. परंतु बीजपेशी तयार होताना जोडीतील गुणसूत्रे आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात व ही सोबत तुटते. जनुके जितकी दूर, तितका ती तुटण्याचा संभव अधिक.

मनुष्यात प्रयोगासाठी संकर करता येत नाही. म्हणून वंशावळीचा आधार घ्यावा लागतो. १९३७ साली जूलिया बेल व हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा रोग, व रंगांधता असलेली कुटुंबे अभ्यासली. ही दोन्ही जनुके एक्स गुणसूत्रावर असतात, आणि मुलग्यास ते केवळ आईकडून मिळते. आईच्या एकाच एक्सवर दोन्ही दोष असल्यास मुलगे बहुधा दोन्ही दोषांचे वा पूर्ण निर्दोष निपजतात. एकच दोष असलेला मुलगा अदलाबदलीची साक्ष देतो. अशा मुलग्यांच्या प्रमाणावरून जनुकांमधील अंतर काढतात.

आज जनुकाची प्रत्यक्ष तपासणी होते. तरी ती कोणाची करावी, हे वंशावळच सुचविते. किरकोळ जखमेतून फार वेळ रक्त वाहणारा मुलगा आढळल्यास ग्रामसेवकाने मामा, मावसभाऊ व आईचे वडील यांची विचारपूस करून नोंद ठेवावी आणि कुटुंबास जिल्हा रुग्णालयात पाठवावे. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी हा रोग आढळत नाही. म्हणून नोंद कोरी असली तरी तपासणी टाळू नये. आईस मात्र बोल लावू नये. जनुकांची वाटणी कोणाच्याच हाती नसते.