गाळणीचं सगळ्यात मोठं भोक

कापडातून पाणी गाळणं हा आपल्याकडे इतका जुना प्रकार आहे की त्यात काही सायन्स असेल असं कोणाला वाटतच नाही. पण बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये रीटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बायकांना जुनी सुती साडी चारपदरी करून पाणी गाळायला लावलं, तेव्हा कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे अशा घडीची भोकं साधारण २० मायक्रॉनची, त्यातून कॉलराचा जंतू आरामात जातो! अडकतात ते पाण्यातले बारीक किडे, ज्यांच्या अंगावर हे जंतू चिकटून राहतात.

सुटा जंतू अडवायचा असेल तर साडीचं काम नाही. ई. कोलाय जेमतेम अर्धा मायक्रॉन रुंद असतो. तेवढी बारीक भोकं हवीत म्हणजे आधी धागा बारीक हवा. त्यासाठी नॅनोफायबर. पद्धत अगदी सोपी वाटते: नायलॉन-६ फॉर्मिक ॲसिडमध्ये विरघळवायचं (फ्यूम हूडमध्येच बरं का), सिरिंजमध्ये भरायचं, सुईला १५-२० किलोव्होल्ट द्यायचे आणि १५ सेंटीमीटरवर ॲल्युमिनियम फॉइल लावायची. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जाऊन शंकूसारखा होतो, ज्याला जेफ्री टेलरच्या नावाने टेलर कोन म्हणतात. त्यातून निघालेली धार चाबकासारखी फिरत बारीक होते, ॲसिड उडून जातं आणि फॉइलवर पांढरी चादर जमते. सोल्यूशन फार पातळ झालं की धाग्यात मणी येतात, घट्ट केलं की धागाच जाड होतो. मधला पॉइंट शोधण्यातच अर्धी टर्म जाते. काही जण ॲसिडची कटकट नको म्हणून पीव्हीए घेतात. पण क्रॉसलिंक न केलेलं पीव्हीए पाण्यात विरघळतं, म्हणजे पाण्याचा फिल्टर पाण्यातच गायब!

आता मुख्य मुद्दा. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सगळे सरासरी पोअर साइझ लिहितात. साधारण नियम असा की सरासरी भोक धाग्याच्या जाडीच्या तिप्पट असतं, पण सगळ्यात मोठं भोक दहापट! धागा १०० नॅनोमीटरचा असेल तर सरासरी ०.३ मायक्रॉन, झकास. पण सगळ्यात मोठं भोक १ मायक्रॉनचं, आणि त्यातून ई. कोलाय जाऊ शकतो. शिवाय भोकातून जाणारं पाणी व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतं, हे आपण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये घोकलेलं आहेच. म्हणजे ते एकटं भोक सरासरी १२० भोकांइतकं पाणी ओढतं. पाणी नेमकं तिथूनच पळतं जिथं पहारा ढिला आहे.

परीक्षेत ९९ टक्के म्हणजे पेढे. इथे ९९ टक्के म्हणजे नापास. समजा लिटरभर पाण्यात १० लाख जंतू आहेत. ९९ टक्के अडवले तरी १०,००० उरले. ९९.९९ टक्के अडवले तरी १०० उरले, म्हणजे १०० मिलीलिटरमागे १०. आणि आयएस १०५०० सांगतं की पिण्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये.

म्हणून सुंदर मायक्रोस्कोप फोटोपेक्षा बबल पॉइंट टेस्ट महत्त्वाची. चादर पाण्यानं पूर्ण भिजवायची, खाली जाळीचा आधार द्यायचा (नुसती चादर ओल्या टिश्यू पेपरसारखी फाटते), एका बाजूने हवेचा दाब वाढवत न्यायचा आणि पहिला बुडबुडा कधी येतो ते बघायचं. १ मायक्रॉनच्या भोकाला सुमारे ३ बार लागतात. १ बारलाच बुडबुडा आला तर कुठेतरी ३ मायक्रॉनचं भोक आहे, सरासरी काहीही असो. प्रेशर गेज असलेला सायकलचा पंपसुद्धा चालतो. जाडी वाढवली तर वरच्या थराची भोकं खालचे थर झाकतात, पण पाणी थेंबथेंब येऊ लागतं. होस्टेलमध्ये रात्री नऊला बाटल्यांची रांग लागते तेव्हा थेंबथेंब कोणालाच परवडत नाही.

एवढं सगळं जमलं तरी पावसाळ्यात होस्टेलमधली मुलं ज्यामुळे घरी जातात त्या काविळीवर हा फिल्टर चालणार नाही. हेपेटायटिस ए चा विषाणू ३० नॅनोमीटरच्या आसपास असतो, तो या जाळीतून सहज निघतो. त्यासाठी क्लोरीन किंवा उकळणं हवंच. आणि अडकलेले जंतू मेलेले नसतात. ओल्या चादरीवर ते वाढत राहतात. धाग्यात चांदीचे नॅनोकण घालून त्यांना मारता येतं, पण मग पाण्यात किती चांदी उतरते तेही मोजावं लागेल. तिची मर्यादा लिटरला ०.१ मिलीग्रॅम आहे.