नकाशा तूर्त बाजूला ठेव

कळमना, नागपूर

चि. भाचेबुवांस,

तुझं पत्र मिळालं, सोबतचा शाळेचा नकाशाही पाहिला. सहा खोल्या, दर्शनी कमानीवर तुझ्या मित्राचं नाव, आवारात त्याचा अर्धपुतळा. नेपाळच्या डोंगरात पोरांना शिकवायला गेलेला मुलगा परत आला नाही, म्हणून तिथे त्याच्या नावाची शाळा काढायची हा तुझा विचार मला मान्य आहे. पैसेही देईन. पण हा नकाशा तूर्त बाजूला ठेव.

आपल्याच माणसाच्या नावाची अशी एक शाळा चीनमध्ये आहे. 1938 साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे धाडलं. जपानशी लढणाऱ्या चिनी सैन्याला डॉक्टर हवेत, अशी मागणी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे केली होती. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष, त्यांनी पैसा उभा केला. त्या पाचांत आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे इथे विचारशील तर दहातल्या नऊ जणांना ठाऊक नसेल. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस निघाले तेव्हा त्यांना 28 वर्षंही पुरी नव्हती. बाकीचे चौघे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी शिकले, त्याच भाषेत तिथल्या पोरांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, 1941 मध्ये बेथ्यून या डॉक्टरांच्या नावाच्या रुग्णालयाचे पहिले संचालक झाले. तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला. आणि 9 डिसेंबर 1942 ला अपस्माराच्या झटक्यांनी गेले, वयाच्या 32 व्या वर्षी.

शिज्याच्वांग शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळा निघाली 1992 मध्ये, म्हणजे ते गेल्यावर 50 वर्षांनी. ती काढली तिथल्या लोकांनी. शिकून बाहेर पडणारी पोरं त्यांच्या पुतळ्यासमोर शपथ घेतात. आपण इकडे 1946 मध्ये शांतारामबापूंचा त्यांच्यावरचा सिनेमा पाहून डोळे पुसले आणि सोलापूरच्या घराचं स्मारक व्हायला 2012 उजाडलं. कोटणिसांनी तिथे आपल्या हाताखाली माणसं तयार केली होती, म्हणून तिथल्यांना त्यांचं नाव लावावंसं वाटलं, असा माझा हिशेब. तुझा मित्र सहा महिने नेपाळात काय शिकवत होता, हे तुझ्या चार पानी पत्रात एका ओळीतही नाही. आधी ते शोध.

आता इमारतीबद्दल. आमच्या बाजाराच्या यार्डाजवळ एका सेठने गेलेल्या मुलाच्या नावाने हमालांच्या पोरांसाठी अभ्यासिका बांधली. उद्घाटनाला मंडप, बुंदी, भाषणं, मीही हार घेऊन उभा होतो. शिकवणाऱ्याचा पगार कोणी द्यायचा हे मात्र कोणीच ठरवलं नव्हतं. वर्षभरात कुलूप लागलं. आज तिथे बारदाना भरलाय आणि भिंतीवरचं नाव वाचायचं तर मिरचीची रिकामी पोती सरकवावी लागतात, शिंका येतात त्या वेगळ्याच. इथून तीन मिनिटांवरची खोली आम्हाला सांभाळता आली नाही, तू तर सरहद्दीपलीकडे सहा खोल्या बांधायला निघालास.

म्हणून नवी शाळा नको. तो ज्या सामुदायिक विद्यालयात शिकवत होता, तिथेच जा. नेपाळात शाळा आता तिथल्या पालिकेच्या अखत्यारीत असतात आणि प्रत्येक सामुदायिक शाळेची व्यवस्थापन समिती असते, तीत पालकही असतात. त्यांच्यासमोर बस आणि काय कमी आहे ते विचार. कदाचित गणिताचा मास्तर हवा असेल, कदाचित मोठ्या पोरींसाठी संडास. ते जे सांगतील ते तुला चिल्लर वाटेल, तरी तेच कर. जमलेल्या पैशातला मोठा वाटा ठेवीत टाक. मास्तरचा पगार व्याजातून निघतो का, हे कागदावर मांड. निघत नसेल तर खोल्यांचं स्वप्न सोड.

कागदपत्रांचंही ऐक, पोट्ट्या, कारण उत्साहात हेच राहून जातं. इथला धर्मादाय ट्रस्ट परदेशात खर्च करतो तेव्हा त्या रकमेवर आयकराची सूट आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. नेपाळात बाहेरच्या संस्थेला समाज कल्याण परिषदेची परवानगी घ्यावी लागते. देणगीदारांकडून पहिला रुपया घेण्याआधी सीएकडे जा. ओळखीतला आहे म्हणून फुकट सल्ला घेऊ नकोस, फी दे म्हणजे तो नीट वाचेल.

नावाची घाई करू नकोस. त्याच्या आईला तिथे नेऊन आण, जमेल तेव्हा. तिला कमान हवी की आणखी काही, हे तिलाच ठरवू दे. तिच्या वतीने आपण सगळे बोलत सुटलोय.

काय हवं ते सांगणारं त्या शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र आधी मागव. ते आलं की मला पाठव, त्यात मास्तर मागितला असेल तर त्याचा पहिल्या वर्षाचा पगार मी देतो. संत्र्याचा आंबिया बहार सुरू झालाय, सकाळी फोन केलास तर लिलावाच्या गलक्यात काही ऐकू येत नाही. संध्याकाळी कर. मामी तब्येत विचारते.

तुझा,
मामा