पिन निसटली तर?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रांग लागते. न्हावऱ्याहून निघून पारगावजवळ भीमा ओलांडणाऱ्या आणि पुढे चौफुल्याला जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही कधी सायकलने गेला असाल, तर हे दृश्य तुमच्या परिचयाचे असेल. पुढे ट्रॅक्टर, मागे शिगोशीग भरलेली ट्रॉली आणि तिच्याही मागे आणखी एक ट्रॉली. मागून जाऊन एखादे टिपरू ओढून घेण्याचा मोह कोणाला होत नाही? पण तसे करण्यापूर्वी एकदा, ट्रॅक्टर उभा असताना, त्या दोन ट्रॉल्या एकमेकींना कशा जोडल्या आहेत ते पाहून या.

पुढच्या ट्रॉलीच्या मागे लोखंडी हूक असतो. मागच्या ट्रॉलीच्या दांड्याचे भोक त्यात बसवून वरून जाड पिन घालतात. पिन वर येऊ नये म्हणून तिच्या खालच्या टोकाला क्लिप लावायची असते. ती हरवली, की तारेचा तुकडा अडकवून काम भागवले जाते. तार झिजते, खड्ड्यातून जाताना पिन थोडी थोडी वर उडते आणि एखाद्या वेळी निसटते. ट्रॅक्टरच्या आवाजात चालकाला ते कळतेच असे नाही.

पुढे काय होईल, याचा हिशेब नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला सहज करता येईल. समजा, सुटलेल्या ट्रॉलीचे उसासह वजन १० टन आहे आणि रस्ता ३० मीटरला १ मीटर चढाचा आहे. डोळ्यांना हा चढ फारसा जाणवतही नाही. वजनाचा तिसावा भाग, म्हणजे सुमारे ३३३ किलोग्रॅम इतका जोर तिला मागे ओढतो. टायर व बेअरिंग यांचा विरोध वजनाच्या दीड टक्का, म्हणजे १५० किलोग्रॅम धरू. उरले १८३. एवढ्या जोराने १० टनांच्या वस्तूला दर सेकंदाला सुमारे ०.१८ मीटर प्रति सेकंद इतका वेग मिळत जातो. १०० मीटर मागे घरंगळल्यावर तिचा वेग सेकंदाला ६ मीटर, म्हणजे ताशी २१ ते २२ किलोमीटर होईल. तिची गतिज ऊर्जा १,८०,००० जूल! सायकल धरून ८० किलोग्रॅम वजनाचा मुलगा सेकंदाला ५ मीटर वेगाने जात असेल, तर त्याची ऊर्जा असते १,००० जूल. तेव्हा मागून येणाऱ्या सायकलस्वाराने ती हाताने अडवण्याचा विचारही करू नये. बाजूला व्हावे.

हाच प्रश्न आगगाडीपुढे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी उभा होता. १८६९ साली अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी हवेच्या दाबावर चालणारा ब्रेक काढला. चालकाने हवा सोडली, की ती नळीतून डब्यांपर्यंत जाई आणि ब्रेक लागे. युक्ती चांगली, पण तिच्यात एक खोट होती. डबे तुटून वेगळे झाले तर नळीही तुटणार, म्हणजे ब्रेकची खरी गरज असते त्याच क्षणी ब्रेक नाहीसा! १८७२ मध्ये त्यांनी सगळी रचना उलटी केली. नळीत दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला. दाब गेला, की प्रत्येक डब्याखालच्या टाकीत साठवलेली हवा ब्रेक लावते. आता नळी तुटणे हाच ब्रेक लावण्याचा हुकूम झाला.

सर्वांनी मात्र हे लगेच मानले नाही. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ सहलीची एक गाडी चढावर अडली. तिचे दोन भाग करताच मागचे डबे घरंगळत खाली गेले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे मेली. त्या गाडीला ब्रेक होता, पण जुन्या पद्धतीचा. डबे सुटताच निकामी होणारा. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा करणारा कायदा झाला.

दौंड स्थानकावर मनमाडच्या मार्गावरील गाड्यांचे इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला जोडताना अनेकांनी पाहिले असेल. जोडमार्ग झाल्यापासून ही अदलाबदल कमी झाली आहे. इंजिन जोडल्यावर कर्मचारी रबरी नळ्याही जोडतो. ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाब असतो. डब्यातली धोक्याची साखळी ओढली, तरी याच नळीतली हवा बाहेर पडते.

आता रस्त्यावर परत येऊ. युरोप-अमेरिकेत मोटारीमागे ओढायच्या, स्वतःचा ब्रेक असलेल्या छोट्या गाड्यांना हेच तत्त्व एका साध्या तारेने लावतात. तारेचे एक टोक मागच्या गाडीच्या हातब्रेकला आणि दुसरे पुढच्या वाहनाला अडकवलेले असते. जोड सुटला, की तार ताणली जाते, हातब्रेक ओढला जातो आणि मग तार तुटते. ती तुटायलाच हवी, नाहीतर गाडी तशीच फरफटत जाईल. काही गाड्यांत तार ब्रेकऐवजी विजेच्या बटणातली खुंटी उपसते आणि गाडीवरच्या बॅटरीने ब्रेक लागतो.

ही तार कोठे अडकवायची? सोपे वाटते, पण चुका इथेच होतात. पिनेलाच गुंडाळली आणि पिनेसकट हूक तुटला, तर तार कशाला ताण देणार? म्हणून तिला वाहनाच्या सांगाड्यावर वेगळी मजबूत कडी हवी. पण ती कितीही लांब चालेल का? पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या टाचणीने जोडून पाहा. समजा, कडी पिनेच्या डावीकडे २० सेंटिमीटरवर आहे आणि तारेचे मागचे टोक पिनेमागे ५० सेंटिमीटरवर. सरळ चालताना दोन्ही टोकांतील अंतर पायथागोरसच्या प्रमेयाने सुमारे ५४ सेंटिमीटर येते. काटकोनात उजवीकडे वळताना ते ७० होते, डावीकडे वळताना ३०. म्हणजे तार ५४ ची ठेवली, तर प्रत्येक उजव्या वळणावर ब्रेक लागणार. आणि ७० हून मोठी ठेवली, तर डाव्या वळणावर ती लोंबून रस्त्याला घासणार. कडी पिनेपासून ५ सेंटिमीटरवर आणली, तर हीच अंतरे ५०, ५५ आणि ४५ होतात. कडी पिनेच्या जवळ हवी, पण पिनेवर नको, हे उत्तर पुठ्ठाच देतो.

उसाच्या ट्रॉलीला मात्र ही तार लावून भागत नाही, कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. मग तार ओढणार काय? तोवर दोन साखळ्या तरी हव्यात. त्या दांड्याखालून एकमेकींना छेदून पुढच्या वाहनाच्या वेगळ्या कड्यांना लावल्या, तर निसटलेला दांडा त्यांच्या झोळीत पडतो. रस्त्यात रुतून ट्रॉली उलटत नाही. साखळीची लांबीही वळणाचा हिशेब करूनच ठेवावी लागते. तरीही चढावर १० टनांचा हिसका साखळी सोसेलच असे नाही, आणि सोसला, तरी ट्रॉली थांबवायचे काम शेवटी ट्रॅक्टरच्याच ब्रेकवर पडते. माझ्या मते एवढे वजन वाहणाऱ्या ट्रॉलीला ब्रेक नसणे हीच मूळ चूक आहे. पुढच्या हंगामात गावात ट्रॉली उभी दिसली, तर पिनेच्या खालच्या टोकाला क्लिप आहे की तार, एवढे चालककाकांना विचारून पाहा.