कंद व मगज यांच्या वाळवणात उष्ण हवेचे तारतम्य

मागील भाद्रपदात आमच्या औषधालयातील शतावरीच्या पोत्यास बुरशी आली. माल वैशाखात घेतलेला, हातास खडखडीत लागणारा. परंतु जाड मुळी मधोमध मोडली असता गाभा चिवट व ओलसर आढळला. पुरवठादाराने घाईपोटी ड्रायर आरंभापासूनच ८० अंश सेल्सियसवर चालविला होता. पोते टाकून दिले. तत्पूर्वी त्यातील चूर्ण किती रुग्णांच्या पोटात गेले, हा प्रश्न मात्र आजही बोचतो.

कंदाच्या पृष्ठभागावरील पाणी हवेचा झोत सहज नेतो. गाभ्यातील पाणी मात्र सावकाश बाहेर झिरपते. हवा अति उष्ण असल्यास बाहेरचा थर या झिरपण्याआधीच सुकून कडक होतो आणि ओलावा आत कोंडतो. विदारीकंद, सुरण यांसारख्या पिष्टमय कंदांत याहून निराळा दोष संभवतो. ओले पिष्ट साधारणतः ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान शिजते व सुकल्यावर काचेसारखे कठीण होते. हळद आपण मुद्दाम उकडतो, तेथे हाच दोष गुण ठरतो. सुरणाची खाज ड्रायरने जाईल, या भ्रमात मात्र कोणी राहू नये. कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया त्या उष्णतेने नष्ट होत नाहीत.

सुंठीविषयी अधिक सावध असावे. उष्णतेने तिचे सुगंधी तेल उडते, तर जिंजेरॉलचे शोगाओल होऊन तिखटपणा वाढतो. म्हणजे केवळ जिभेवर पारखलेली सुंठ फसवू शकते, वासही घ्यावा. वजनाचा हिशेबही सोपा आहे. आल्यात ८० टक्के पाणी धरल्यास १०० किलो आल्यापासून १० टक्के आर्द्रतेची सुंठ सुमारे २२ किलो मिळते. त्याच आल्याची सुंठ २५ किलो भरली, तर तीत २० टक्के पाणी आहे. ते आपण सुंठीच्या भावाने घेतो!

मगजांत प्रश्न स्नेहाचा आहे. अक्रोडात ६० टक्क्यांहून अधिक तेल असते व ते लवकर खवट होणाऱ्या जातीचे असते. म्हणून अक्रोड वाळविताना हवा ४३ अंशांपुढे नेत नाहीत. काजूगर साल सुटण्यासाठी सुमारे ७० अंशांवर काही तास ठेवतात; त्याचे तेल अधिक स्थिर असल्याने ते निभावते. उलट, वाळवण अपुरे राहिल्यास बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिनचे भय असते आणि ते भाजूनही पूर्णतः जात नाही.

शार्ङ्गधरांनी शतावरी व अश्वगंधा ओलीच घ्यावी, तरीही मात्रा दुप्पट करू नये, असे सांगितले आहे. बाजारपेठेने हे आपल्याला विसरावयास लावले. शुष्क शतावरी घेणे भागच असेल, तर शीर काढून उभी चिरलेली घ्यावी. आम्ही आता ५० अंशांवर आरंभ करतो, ६० अंश ओलांडत नाही व तासाच्या अंतराने केलेली दोन वजने सारखी भरल्यावाचून ड्रायर बंद करीत नाही. त्यानंतरही प्रत्येक पोत्यातील सर्वांत जाड मुळी मोडून पाहतो.