दोर ताणण्यापूर्वी

तलावाच्या पोटातील गाळ उन्हाळ्यात जसा दिसतो तसा नसतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हाने वरचा हात-दोन हात थर वाळून त्याला भेगा पडतात, काठाकाठाने गवत उगवते, गुराखी त्यावरून बिनघोर जनावरे नेतात, आणि एवढ्या पुराव्यावर विसंबून वीस टनांचे पोकलेन आत घालण्यास कोणाचीच हरकत राहत नाही; परंतु त्या कवचाखालची काळी माती तशीच ओली व लिबलिबीत असते, कारण तीतील माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज प्यालेले पाणी सहजासहजी सोडीत नाही आणि वाळलेले कवचच खालच्या ओलाव्यावर झाकण होऊन बसते. 1972च्या दुष्काळातील रोजगाराच्या कामांतून मराठवाड्यात बांधले गेलेले कितीतरी पाझर तलाव पुढे गाळाने भरले, आणि 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू झाल्यापासून अशा तलावांत उन्हाळ्याच्या दिवसांत यंत्रे उतरू लागली. पाटबंधारे खात्यातील नोकरी संपल्यानंतरही या कामांवर मला सल्ल्यासाठी बोलावणे येत असे. त्यामुळे गाळ काढताना गाळातच अडकलेली यंत्रे पुष्कळ पाहावयास मिळाली.

‘माणूस चालतो, मग मशीन का चालणार नाही?’ हा या कामावरील सर्वांत घातक प्रश्न होय, आणि त्याचे अर्धे उत्तर प्रश्नकर्त्याच्या बाजूचे आहे ही त्यातील मौज. वीस टनांचे यंत्र दोन रुंद चेनींवर उभे असते तेव्हा जमिनीवर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास पडतो, आणि चालताना एका पायावर भार घेणाऱ्या माणसाचा दाबही त्याहून फारसा कमी नसतो. भेद आहे तो खोलीचा. पावलाचा दाब वीतभर मातीत विरून जातो, तर चेनीची रुंदी व लांबी मोठी असल्यामुळे तिचा दाब कवच ओलांडून कित्येक फूट खाली, नेमका लिबलिबीत थरापर्यंत पोचतो. शिवाय यंत्र खणू लागले की सारा भार चेनीच्या एका टोकावर येऊन तेथील दाब दुणावतो, आणि भरलेल्या टिप्परांच्या येरझारांनी माती मळली जाऊन तिचे उरलेसुरले बळही जाते. म्हणून चालून पाहण्यावर भिस्त न ठेवता पुरुषभर लांबीची लोखंडी सळई ठिकठिकाणी हाताने दाबून पाहावी. वरचा थर फुटल्यावर ती आपल्या वजनानेच खाली जाऊ लागली, तर त्या जागी यंत्र नेऊ नये.

एका तलावावर ही सळई कोणी हातात घेतली नव्हती. आदल्या सायंकाळी वळवाचा पाऊस होऊन गेला होता. पण कंत्राटदारामागे मुदतीचा तगादा होता आणि बांधावर शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रांगेने उभे होते, त्यामुळे सकाळीच ऑपरेटरला आत जाण्याचा हुकूम झाला. मी पोचलो तेव्हा दोन्ही चेनी गडप होऊन यंत्राचे पोट चिखलाला टेकले होते. झारखंडकडचा तो तरुण ऑपरेटर यंत्र पुढे-मागे करून थकला होता, आणि चेनीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर ते आपल्याच वजनाखालची माती उपसून अधिक खोल जात होते. त्यातच मुकादमाने जेसीबी आणवून वायररोपचे एक टोक तिला व दुसरे पोकलेनच्या बकेटच्या दातांना अडकवले होते. मी हात वर करून थांबवीपर्यंत जेसीबीने हिसका दिला. दोर दातांच्या धारेवर तुटला, त्याचे टोक सपकन् उलटून जेसीबीच्या मागच्या काचेवर आदळले आणि काचेचा चुरा ऑपरेटरच्या पाठीवर सांडला. त्या दोराला ओलांडून क्षणापूर्वीच एक हेल्पर पाणी आणावयास गेला होता, म्हणूनच तो वाचला.

“साहेब, आणखी एक पोकलेन मागवू का?” मुकादमाने विचारले.

“मागवा, पण ते बांधावरच उभे करा. आधी सगळी मशिने बंद.”

रुतलेल्या यंत्राला केवळ त्याचे वजन धरून ठेवीत नाही. पोटाचा पत्रा चिखलाला सर्वांगाने चिकटला की तो उचलताना खाली पोकळी होऊ पाहते, आणि तिथे हवा शिरण्यास वाट नसेल तर वरून वातावरणाचा दाब बसतो, जो एका चौरस मीटरला सुमारे दहा टन भरतो. अमेरिकी लष्कराच्या पुस्तिकांतील अडाखा असा की चाकापर्यंत रुतलेल्या वाहनाला ओढण्यास त्याच्या वजनाइतके, मडगार्डपर्यंत रुतल्यास दुप्पट आणि टपाच्या बुडापर्यंत गेल्यास तिप्पट बळ लागते. वीस टनांच्या यंत्रापुढे सात-आठ टनांची जेसीबी जोडण्याचा अर्थ यावरून ध्यानात येईल. ओढणे हा शेवटचा उपाय आहे. पहिले काम पाणी काढून देण्याचे, दुसरे हवा आत सोडण्याचे आणि तिसरे चेनीखाली आधार देण्याचे.

त्या दिवशी आम्ही याच क्रमाने गेलो. चेनींच्या दोन्ही बाजूंनी फावड्याने चर खणून त्यांचे पाणी एका खड्ड्यात उतरवले आणि पंपाने उपसले. पोटाखाली पाइप खुपसून हवेला वाट केली. चेन व दातेरी चाक यांच्यामध्ये ठासून बसलेली माती सळईने कोरून काढली, कारण ती तशीच राहिली तर चेन ताणून उतरते किंवा तुटते. इंजिन चालू स्थितीत असेल तर पोकलेनसारखा स्वावलंबी प्राणी दुसरा नाही. वरचा भाग आडवा फिरवून, बूम आणि पुढचा दांडा यांच्यात काटकोनाहून किंचित मोठा कोन ठेवून, बकेटचे गोल बूड जमिनीवर दाबले की त्या बाजूची चेन अधांतरी उचलली जाते. मात्र बकेटखालीही तोच चिखल असल्यामुळे तिथे आधी ओंडक्यांची चवड रचावी लागते. नाहीतर यंत्र वर येण्याऐवजी बकेट खाली जाते. उचललेली चेन अधांतरी फिरवून तिचा चिखल झटकला, खाली पऱ्हाट्यांच्या जुड्या आडव्या-उभ्या अंथरल्या, त्यांवर बाभळीचे ओंडके चेनीला आडवे ठेवले आणि मग दुसऱ्या बाजूला तेच केले. दगड टाकण्याचा आग्रह गावकऱ्यांनी धरला होता. परंतु सुटा दगड चिखलात बुडतो आणि पुढे पोटाच्या पत्र्याला भिडतो. बकेट लांब रोवून, तिने स्वतःला ओढीत आणि चेनी सावकाश चालवीत, ते यंत्र दुपारपर्यंत आल्या वाटेनेच मागे सरकत बाहेर आले. बांधावरच्या दुसऱ्या पोकलेनला हातही लावावा लागला नाही.

इंजिन बंद पडले असेल तर मात्र ओढण्यावाचून गत्यंतर नसते. तशा वेळी मागच्या बाजूने लांब व मंद उतार खणावा, दोर खालच्या सांगाड्याला, कोपऱ्यांवर लाकडाचे ठोकळे घालून बांधावा, बूम-बकेटला कदापि नाही. ओढ चेनीच्या रेषेत सरळ ठेवावी, हिसका न देता दोर हळूहळू ताणावा, त्याच्या मध्यावर ओली गोणपाटे टाकावीत आणि दोराच्या लांबीहून अधिक अंतरापर्यंत माणूस उभा राहू देऊ नये. बघ्यांना हटवणे हे ओढण्याहून अवघड काम आहे, हेही अनुभवाने सांगतो.

यंत्र सुटले की त्याच दिवशी पुन्हा कामाला जुंपण्याचा मोह होतो. चेनीच्या मोटारीजवळील गिअरचे तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि ते बदलल्यावाचून यंत्र चालवणे म्हणजे लाखोंच्या नुकसानीला आमंत्रण.

ग्रामसभेत गाळ काढण्याचा ठराव होतो तेव्हा डिझेलचा खर्च आणि ट्रॅक्टरांची पाळी यांवर तासन्‌तास चर्चा चालते. सरपंचांना व समितीच्या सभासदांना माझी विनंती अशी की त्याच ठरावात सळईने तपासणी, बांधावर बाभळीच्या ओंडक्यांचा साठा, वळीव पडल्यास काम थांबवण्याचा अधिकार कोणाचा आणि रात्री यंत्र तलावाबाहेर उभे करणे या अटी लिहून घ्याव्यात, आणि त्या कंत्राटदाराला व ऑपरेटरला, दोघांनाही, समजेल अशा भाषेत वाचून दाखवल्यावाचून पहिली फेरी सुरू होऊ देऊ नये.